रक्ताची ओळख पटवून देणारा शास्त्रज्ञ : डॉ. कार्ल लँडस्टायनर



तुमच्या शाळेच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता, पत्ता यांच्याबरोबर ‘रक्तगट’ असा एक रकाना असतो. पुष्कळ मुलांचा हा रकाना कोराच राहतो, तर काहीजण शेजारच्याचे पाहून काहीतरी लिहून टाकतात. एका अक्षराला एवढे काय महत्त्व, असे तुम्हांस वाटणे साहजिक आहे. परंतु हे एक अक्षर माहीत नव्हते तोपर्यंत एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जिवाशी खेळ होता. कधी रोगी वाचे, कधी रक्त देताच थंडी वाजून, कंबर धरून, काही वेळात दगावे. असे का होते ते कोणालाच सांगता येत नसे. हे कोडे ज्याने उलगडले त्या डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचे चरित्र आज आपण पाहणार आहोत.

बालपण व शिक्षण

कार्ल यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात, व्हिएन्ना शहराजवळील बाडेन या गावी झाला. वडील लिओपोल्ड हे नामवंत पत्रकार होते. व्हिएन्नातील एका मोठ्या दैनिकाच्या स्थापनेत व संपादनात त्यांचा प्रमुख वाटा होता. कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. पुढे आई फॅनी यांनीच या मुलाला वाढविले व शिकविले. आईविषयी कार्ल यांच्या मनात इतकी माया होती की, ती वारल्यानंतर तिच्या चेहऱ्याचा ठसा त्यांनी जन्मभर आपल्या खोलीत भिंतीवर जपून ठेवला. आपल्यापैकी ज्या मुलांचे वडील लवकर गेले आहेत आणि ज्यांच्या आया घर चालवून त्यांना शिकवीत आहेत, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. थोर माणसे पूर्ण सुखाच्या घरातूनच येतात असे नाही.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. त्या काळी डॉक्टर झालेला तरुण सरळ दवाखाना थाटी. कार्ल यांनी तसे केले नाही. शरीरात जे चालते ते मुळात रसायनांचेच काम आहे आणि रसायनशास्त्र आल्याशिवाय रोगाचे मूळ समजणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून पदवी हातात असताना ते पुन्हा विद्यार्थी झाले. झ्युरिक, वुर्झबुर्ग व म्युनिक येथील रसायनशाळांत त्यांनी काही वर्षे काढली. वुर्झबुर्गला त्यांना एमिल फिशर यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे फिशर यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

परत व्हिएन्नाला आल्यावर १८९६ पासून त्यांनी आरोग्यशास्त्राच्या संस्थेत मदतनीस म्हणून काम धरले व १८९८ पासून विकृतिशास्त्राच्या संस्थेत. तेथील रोजचे काम शवविच्छेदनाचे होते. दहा वर्षांत त्यांनी ३,६०० हून अधिक प्रेतांची तपासणी केली. हे काम मानाचे नव्हते आणि त्यात पैसाही फारसा नव्हता. पण याच कामाच्या उरलेल्या वेळात त्यांनी जगाला उपयोगी पडेल असा शोध लावला.

शोधापूर्वीचा काळ

रक्त देण्याची कल्पना काही नवीन नव्हती. सन १६६७ मध्ये फ्रान्समधील झां-बाप्तिस्त देनिस या वैद्याने चक्क कोकराचे रक्त माणसाला दिले. पुढे त्याचा एक रोगी मरण पावला, खटला झाला आणि असे प्रयोग बंद पडले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे हा विषय कोणी हाती घेतला नाही. १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञाने माणसाला माणसाचेच रक्त देण्यास आरंभ केला. बाळंतपणात रक्तस्राव होऊन डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया त्याला पाहवत नव्हत्या. त्याच्या काही रोगी स्त्रिया वाचल्या, काही वाचल्या नाहीत. कारण रक्त तर माणसाचेच होते, मग एकाला ते चालते व दुसऱ्याला चालत नाही, हे कसे? रोग्यांच्या रक्ताचा दोष असेल, असाच सर्वांचा तर्क होता.

१९०१ चा शोध

लँडस्टायनर यांनी वेगळा प्रश्न विचारला. रोगी माणसांचे राहू द्या, दोन धडधाकट माणसांचे रक्त तरी एकमेकांशी जमते काय? या प्रश्नासाठी त्यांना फार दूर जावे लागले नाही. त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. रक्त स्थिर ठेवले की तांबड्या पेशी व गुठळी खाली राहते आणि वर पिवळसर, नितळ पाणी येते. या पाण्याला सीरम म्हणतात. त्यांनी प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या तांबड्या पेशींत थेंबाथेंबाने मिसळून पाहिले. काही ठिकाणी मिश्रण एकसारखे राहिले, तर काही ठिकाणी दूध नासावे तशा पेशी एकत्र येऊन बारीक गुठळ्या झाल्या. त्यांनी सर्व निष्कर्षांचा एक तक्ता मांडला. तेव्हा दिसले की हा गोंधळ नसून यात एक शिस्त आहे. माणसांचे तीन गट पडतात. त्यांना त्यांनी ए, बी व सी अशी नावे दिली. पुढे सी या गटाचेच नाव ओ असे झाले. हा निबंध १९०१ साली प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी त्यांच्याच सहकाऱ्यांना एबी हा चौथा गट सापडला.

विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग किती साधा होता ते पाहा. यात महागडे यंत्र नव्हते. काही काचनळ्या, थोडे रक्त, आणि जे दिसते ते टापटिपीने लिहून ठेवण्याची सवय, एवढेच भांडवल होते. आपल्या शाळेच्या प्रयोगवहीत तक्ता आखायला कंटाळणाऱ्या मुलांनी याचा विचार करावा.

रक्तगट म्हणजे काय?

आता हे गट कसे पडतात ते समजून घेऊ. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. ए गटाच्या पेशीवर ए ही खूण असते, बी गटाच्या पेशीवर बी, एबी गटाच्या पेशीवर दोन्ही आणि ओ गटाच्या पेशीवर या दोहोंपैकी एकही नसते. रक्ताच्या द्रवभागात प्रतिपिंडे असतात. ती पहारेकऱ्यांसारखी वागतात. जी खूण आपल्या पेशीवर नाही ती परकी समजून ती तिच्यावर तुटून पडतात. म्हणून ए गटाच्या रोग्याला बी गटाचे रक्त दिले तर त्याच्या रक्तातील पहारेकरी नव्या पेशींचा नाश करतात. फुटलेल्या पेशींतील द्रव्ये मूत्रपिंडांना बाधतात, रक्तदाब उतरतो आणि रोग्याच्या जिवावर बेतते.

आपल्या हुपरीकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. आपल्या गावात पैंजण व घुंगरू घडविणारा कारागीर मुशीत चांदी टाकण्यापूर्वी तिचा टंच पाहतो. दिसायला सारखीच असलेली चांदी टंचाला वेगळी निघते, हे त्याला ठाऊक असते. न पाहता मिसळली तर सगळाच माल बिघडतो. रक्ताचेही तसेच आहे. रंग सर्वांचा लालच, पण टंच पाहिल्याशिवाय मिसळता येत नाही. रक्ताचा टंच पाहण्याची कसोटी लँडस्टायनर यांनी दिली.

ओ गटाच्या तांबड्या पेशी अडचणीच्या वेळी इतरांना चालतात व एबी गटाच्या माणसाला इतर गटांच्या पेशी चालू शकतात, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. तरीसुद्धा रक्तपेढीत त्याच गटाचे रक्त शोधतात, आणि गट एकच असला तरी रोग्याचे व दात्याचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहिल्यावरच पिशवी बाहेर देतात. रक्तपेढीत वेळ लागतो म्हणून आपले नातेवाईक तेथील माणसावर चिडतात. तो वेळ आपल्याच रोग्याच्या रक्षणासाठी जात असतो.

शोध पडून राहिला

एवढा मोठा शोध लागल्यावर जगभर जयजयकार झाला असेल, असे तुम्हांस वाटेल. तसे काहीच झाले नाही. बरीच वर्षे डॉक्टरांनी याकडे लक्षच दिले नाही. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुबेन ओटेनबर्ग यांनी प्रथम रक्त जुळवून पाहून मग दिले, तेव्हा या शोधाचा उपयोग सुरू झाला. गटांच्या नावांचाही घोळ झाला. चेकोस्लोव्हाकियाचा भाग पुढे झालेल्या बोहेमियातील यान्स्की यांनी गटांना एक ते चार असे आकडे दिले. अमेरिकेच्या मॉस यांनीही आकडेच दिले, पण उलटे. एकाचा पहिला गट तो दुसऱ्याचा चौथा! अशाने रोग्याचे काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. शेवटी सर्वांनी ए, बी, एबी, ओ हीच नावे मान्य केली. दरम्यान १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळले की रक्त गोठत नाही, हे कळले व रक्त साठविता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना याचा मोठा लाभ झाला. १९३७ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवून ठेवण्याच्या जागेला ‘ब्लड बँक’ असे नाव दिले. तीच आपली रक्तपेढी.

लँडस्टायनर मात्र या काळात स्वस्थ बसले नव्हते. १९०८ साली त्यांनी पोलिओने मरण पावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूतील अंश माकडांना टोचला व तोच रोग माकडांत उत्पन्न करून दाखविला. या कामात एर्विन पॉपर हे त्यांचे सहकारी होते. सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या जंतूंहूनही लहान अशा विषाणूमुळे पोलिओ होतो, हे यामुळे समजले आणि पुढे लस निघण्याचा मार्ग खुला झाला. आपल्या लेकरांना पोलिओचे थेंब मिळाले आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, त्यामागच्या लांब साखळीतील ही एक पहिली कडी होय.

पडता काळ व परदेशगमन

१९१६ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचा हेलेन व्लास्टो यांच्याशी विवाह झाला. पुढील वर्षी त्यांना मुलगा झाला. पण महायुद्धात ऑस्ट्रियाचा पराभव झाला. व्हिएन्नात अन्नाची व सरपणाची टंचाई पडली. संशोधन तर दूरच, संसार चालविणेही अवघड झाले. १९१९ साली ते हॉलंडमधील हेग शहरात गेले व एका लहान रुग्णालयात तपासणीचे साधे काम करू लागले. ज्याच्या शोधावर पुढे जगभरची रक्तसंक्रमणे उभी राहिली, तो माणूस पन्नाशी उलटल्यावर परक्या गावी रोग्यांच्या लघवी-रक्ताच्या तपासण्या करीत होता. तरी तेथेही त्यांनी संशोधनाचे निबंध लिहिणे सोडले नाही.

१९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. नवा देश, नवी भाषा, आणि वय पंचावन्न. तेथे फिलिप लेव्हिन यांच्याबरोबर १९२७ साली त्यांनी एम, एन व पी हे आणखी रक्तगुण शोधले. १९३० साली मानवी रक्तगटांच्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध आणि सन्मान यांत जवळजवळ तीस वर्षांचे अंतर पडले. त्यांना प्रसिद्धीची हौस नव्हती. त्यांचा स्वभाव अबोल होता. फावल्या वेळी ते पियानो उत्तम वाजवीत. पारितोषिकानंतरही त्यांचे प्रयोगशाळेचे वेळापत्रक बदलले नाही.

ऱ्हीसस घटक

वयाची सत्तरी ओलांडल्यावर १९४० साली त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्या साथीने आणखी एक मोठा शोध प्रसिद्ध केला. ऱ्हीसस जातीच्या माकडांवरील प्रयोगातून मिळाला म्हणून त्या घटकाला ऱ्हीसस किंवा आरएच असे नाव पडले. ज्यांच्या पेशीवर तो आहे ते पॉझिटिव्ह व ज्यांच्या नाही ते निगेटिव्ह. भारतात निगेटिव्ह माणसे शंभरात सुमारे पाच आढळतात.

मातांनी हा भाग नीट वाचावा. आई निगेटिव्ह व बाप पॉझिटिव्ह असेल तर पोटातील मूल पॉझिटिव्ह असू शकते. पहिल्या बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते व आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पहिले मूल बहुधा सुखरूप असते, पण पुढच्या मुलांना तीव्र कावीळ होते, काही पोटातच दगावतात. पूर्वी अशा बाईला नजर लागली, पायगुण वाईट, असे बोल लावीत. दोष तिचा नव्हता, दोष अज्ञानाचा होता. १९६८ पासून यावर अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते गरोदरपणी व बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत घ्यावे लागते. गर्भपात झाला तरीही डॉक्टरांना विचारणे जरूर आहे. म्हणून गरोदर सुनेचा, लेकीचा रक्तगट पहिल्याच तपासणीत करून घ्या.

मुंबईत सापडलेला गट

२४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच लँडस्टायनर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी हातात काचनळी होती. दोन दिवसांनी, २६ जून रोजी त्यांचे निधन झाले. काही महिन्यांतच त्यांच्या पत्नीही गेल्या.

पण त्यांनी दिलेल्या कसोटीने पुढे आपल्या महाराष्ट्रात एक नवल घडविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काही माणसांचे रक्त तपासले असता ते ओ गटासारखे दिसे, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या सहकार्याने याचा छडा लावला व १९५२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. ए व बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात त्याला एच म्हणतात. ओ गटात हा पाया असतो, या माणसांत तोही नसतो. त्यांना त्यांच्याच गटाचे रक्त लागते. हा गट जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा निघतो. साध्या तपासणीत त्याला ओ समजण्याचा धोका असतो. म्हणूनच रक्त जुळवून पाहिल्याशिवाय देत नाहीत.

हा गुण आई व वडील अशा दोघांकडून आला तरच मुलात उतरतो. असे पालक स्वतः चांगले धडधाकट असतात. प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक अशी शक्यता असते. आपल्याकडे मामे-आते, चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात. जवळच्या नात्यात दोघांकडे तोच लपलेला गुण असण्याचा संभव वाढतो. थॅलेसेमिया हा रोगही असाच उतरतो, आणि त्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. नाते जुळविण्यास कोणाची मनाई नाही, पण सोयरीक पक्की करण्यापूर्वी दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करणे हे शहाणपणाचे आहे. हळद लागल्यावर तपासण्यात अर्थ नाही.

आपले कर्तव्य

लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, १४ जून, हा जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळतात. १ ऑक्टोबर हा आपला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन आहे. तरीही रक्त देण्याची वेळ आली की आपल्या घरांतून कुरकुर होते. एकुलता एक मुलगा आहे, अशक्तपणा येईल, वजन घटेल, अशा सबबी पुढे येतात. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या व हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांनी तीन व स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. रमजानात रोजा सोडल्यानंतर, नीट खाऊन-पिऊन द्यावे. जीव वाचविण्यासाठी रक्त देणे-घेणे योग्य असल्याचे अनेक उलेमांनी सांगितले आहे, त्यामुळे मनात किंतु बाळगू नये.

पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारी माणसे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले. कारखान्यात रक्त तयार होत नाही. रुग्णालयात जी पिशवी आपल्या माणसाला मिळते ती कोणा अनोळखी माणसाने दिलेली असते. त्याची जात, धर्म पिशवीवर लिहिलेली नसते, फक्त गट लिहिलेला असतो. युरोपात ज्या काळी काही राज्यकर्ते शुद्ध रक्ताच्या नावाने माणसांची कत्तल करीत होते, त्याच काळात विज्ञान दाखवीत होते की हेच चार गट साऱ्या मानवजातीत आहेत. कोठे बी जास्त, कोठे ए जास्त, एवढाच फरक. सख्ख्या भावाचे रक्त न जुळावे व परक्या मुलखातील माणसाचे जुळावे, असे रोज घडते.

विद्यार्थी मित्रहो, लहानपणी पोरका झालेला, प्रेतांच्या तपासणीत उमेद घालविलेला, युद्धात घरदार सोडावे लागलेला हा माणूस शेवटच्या दिवसापर्यंत काचनळी हातात धरून होता. त्याचे उपकार फेडायचे असतील तर भाषण करण्याची गरज नाही. या आठवड्यात आपला रक्तगट तपासून घ्या, तो वहीत व ओळखपत्रावर लिहा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनी व पालकांनी जवळच्या सरकारी वा नोंदणीकृत रक्तपेढीत वर्षातून एकदा तरी रक्त द्यावे. तुमच्या त्या पिशवीने कोणाची तरी बाळंतीण, कोणाचा तरी कामावर गेलेला मुलगा घरी परत येईल. ते घर कोणाचे, हे तुम्हांला कधी कळणारही नाही. त्याची गरजही नाही.